लांब पल्ल्याची ओपन वर्ल्ड आरपीजी: उत्कंठा टिकवून कशी खेळावी

ओपन वर्ल्ड आरपीजी, म्हणजे मोकळ्या जगात हवे तिकडे फिरत एका पात्राची भूमिका जगण्याचा व्हिडिओ गेम, पहिल्यांदाच हाती घेतलेले खेळाडू गेम अवघड आहे म्हणून तो क्वचितच सोडतात. बहुतेकांचे पाऊल मध्यावर कुठेतरी अडखळते, कारण पुढे काय होणार याची ओढच उरलेली नसते. ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ची मुख्य कथा साधारण ५० तासांची आहे, आणि बाजूची कामे धरली तर हा आकडा सहज १०० तासांच्या आसपास जातो. एवढ्या लांबीच्या कथेत उत्कंठा कधी ताणायची आणि कधी मोकळी करायची, हे कादंबरीत लेखक ठरवतो आणि चित्रपटात संकलक ठरवतो; इथे मात्र त्या निर्णयाचा मोठा वाटा खेळणाऱ्याच्या हाती सोपवलेला असतो आणि तसे त्याला कोणी स्पष्टपणे सांगतही नाही. गेम बनवणारे क्षितिजावर एक मनोरा उभा करतात, कोणाच्या तरी तोंडून त्याचे नाव कानावर घालतात आणि बाजूला होतात. तिथे आजच पोहोचायचे की पंधरा तासांनी, आणि मधल्या वेळात किती ठिकाणी रेंगाळायचे, हे तुम्ही ठरवता. हा निर्णय जाणूनबुजून कसा घ्यावा, ते खेळाच्या क्रमाने पुढे मांडले आहे.

सुरू करण्यापूर्वी

नवा गेम उघडण्याआधी एकच माहिती आवर्जून मिळवावी: तुमची लेव्हल, म्हणजे पात्राच्या बळाची पायरी, वाढते तसे शत्रूही बलवान होतात का? वेगाचे पुढचे सगळे निर्णय याच उत्तरावर अवलंबून असतात. २००६ च्या ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’मध्ये जवळजवळ सगळे जग तुमच्या लेव्हलच्या मागोमाग वर चढते, त्यामुळे क्वाच शहराची लढाई पुढे ढकलत राहिलात तर ती सोपी होण्याऐवजी कठीण होत जाते आणि जाणकार ती लवकर उरकायला सांगतात. ‘स्कायरिम’मध्ये हे गणित सौम्य आहे, कारण तिथे बऱ्याच भागांना किमान आणि कमाल लेव्हलची मर्यादा घातलेली आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये प्रत्येक प्रदेशाचा कठीणपणा आधीच ठरलेला असतो, न जमणारी जागा सोडून दुसरीकडे जाणे आणि बळ वाढवून परतणे हीच तिथली अपेक्षित वाट आहे. पहिल्या प्रकारात रेंगाळण्याची किंमत द्यावी लागते, तर तिसऱ्या प्रकारात रेंगाळणे हेच शस्त्र ठरते.

ही एवढी माहिती सोडली तर बाकी शोधाशोध टाळावी. जग किती मोठे आहे, एकूण प्रदेश किती, शेवट किती प्रकारचे, असे प्रश्न सुरुवातीला अगदी निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात मोठ्या गेममधल्या आश्चर्याचा बराचसा भाग त्यांच्याच उत्तरांत साठवलेला असतो. ‘एल्डन रिंग’चा नकाशा मुद्दाम लहान दिसतो आणि तुम्ही पुढे सरकाल तसा त्याचा कागद वाढत जातो. ज्याने पूर्ण नकाशा आधीच पाहिला, त्याला तो वाढण्याचा आनंद पुन्हा मिळवता येत नाही.

काठिण्यपातळी मधली ठेवावी. फार सोप्या पातळीवर कोणत्याही बॉसची, म्हणजे वाटेतल्या मोठ्या शत्रूची, धास्ती वाटत नाही आणि धास्तीच नसेल तर त्याच्याकडे जाण्याच्या वाटेलाही वजन येत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये तर निवडायला पातळ्याच नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पहिला प्रदेश: किती थांबावे

पहिला प्रदेश हा शिकण्याचा असतो आणि जवळजवळ प्रत्येक नवखा खेळाडू तिथे गरजेपेक्षा जास्त थांबतो. ‘विचर ३’मधला व्हाइट ऑर्चर्डचा भाग आटोपशीर आहे. एक गाव, आजूबाजूची शेते, एका ग्रिफिनची शिकार आणि थोडी लहान कामे एवढ्यात लढाई, माग काढणे, औषधे बनवणे आणि लोकांशी बोलणे हे सगळे हाताखालून जाते; तो पूर्ण संपवला तरी दमायला होत नाही. याउलट २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मधला हिंटरलँड्स हा पहिला मोठा प्रदेश इतका अवाढव्य आणि लहानसहान कामांनी इतका भरलेला आहे, की असंख्य खेळाडू तिथेच कित्येक तास अडकले आणि ‘हिंटरलँड्समधून बाहेर पडा’ हा सल्ला खुद्द गेम बनवणाऱ्यांनाही द्यावा लागला. पुढची मोहीम उघडण्यासाठी लागणारे ‘पॉवर’ गुण तिथल्या थोड्याच कामांतून जमतात, आणि त्या प्रदेशातले काही कोपरे तर सुरुवातीच्या पथकासाठी बनवलेलेच नाहीत. कथेला खरा आकार स्कायहोल्ड हा किल्ला हाती आल्यावर येतो आणि तिथवर पोहोचण्याआधीच थकलेल्या माणसाला गेम काय आहे हे कळतच नाही.

म्हणून पहिल्या प्रदेशात दोन खुणा पाहाव्यात. लढाईची मूलभूत हालचाल विचार न करता होऊ लागली आणि नाव-चेहरा असलेल्या पात्रांची दोन-तीन कामे पूर्ण झाली, की मुख्य कथा जिकडे बोलावते तिकडे निघावे. मागे राहिलेली कामे बहुतेक वेळा तिथेच थांबलेली असतात. न उघडलेल्या पेट्या मनाला टोचतात हे खरे, पण त्यांतला सुरुवातीचा लूट पुढच्या प्रदेशात पाय ठेवताच कालबाह्य होतो.

दूरचे ठिकाण दूरच ठेवणे

उत्कंठेचे खरे काम इथे चालते आणि रचनाकारांनी त्यासाठी काय मांडून ठेवले आहे ते ओळखायला शिकले, की खेळण्याची पद्धतच बदलते. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्स गावातून वाळवंटापलीकडे लकी ३८ या कॅसिनोचा मनोरा दिसतो. ज्याने तुमच्यावर गोळी झाडली तो माणूस त्याच दिशेला गेला आहे आणि उत्तरेचा सरळ रस्ता अंतराने जवळचा आहे. पण त्या रस्त्यावर डेथक्लॉ नावाचे प्राणी बसवलेले आहेत आणि नवख्या पात्राचा त्यांच्यापुढे क्षणभरही निभाव लागत नाही. त्यामुळे बहुतेकांना दक्षिणेकडून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा मोठा वळसा घालावा लागतो. या वळशात तुम्हाला वाळवंटावर हक्क सांगणारे गट भेटतात, त्यांनी काय केले ते दिसते आणि शहराबद्दल दहा तोंडांनी दहा गोष्टी ऐकू येतात. रात्री मनोऱ्याचे दिवे अधूनमधून दिसत राहतात. अखेर वेशीपाशी पोहोचेपर्यंत त्या जागेबद्दल तुमचे स्वतःचे मत बनलेले असते. सरळ रस्त्याने लपतछपत जाणे शक्य आहे आणि अनुभवी लोक ते करतातही, पण पहिल्या वेळी तसे करणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो, असे माझे ठाम मत आहे.

२०१७ चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ काटेकोर अर्थाने आरपीजी नसला तरी या बाबतीत त्याच्याकडून शिकावे. शेवटचा शत्रू ज्या किल्ल्यात आहे तो हायरूल कॅसल ग्रेट प्लॅटो या पहिल्या पठारावरूनच दिसतो, आणि पॅराग्लायडर मिळताच तुम्ही थेट तिकडे जाऊ शकता. जाण्याची मोकळीक पहिल्यापासून असल्यामुळे न जाणे हा तुमचा निर्णय होतो आणि त्या किल्ल्याकडे टाकलेल्या प्रत्येक नजरेला अर्थ येतो.

हे प्रत्यक्षात असे करावे. नव्या प्रदेशात शिरताच एखाद्या उंच जागी जाऊन चारी बाजूंना नीट पाहावे आणि लक्ष वेधून घेणारे एकच ठिकाण निवडावे: एखादा पडका बुरूज, विचित्र रंगाचे झाड, धूर येणारे खोरे. नकाशावर त्याला स्वतःची खूण करावी आणि लगेच तिकडे धावू नये. आधी आसपासचे एखादे काम घ्यावे, लोकांना त्या जागेबद्दल विचारता आले तर विचारावे, दुसऱ्या बाजूने ते कसे दिसते ते पाहावे. तिथे काय असेल याचा तुमचा अंदाज तयार झाला, की जावे. अंदाज खरा ठरला तरी समाधान मिळते आणि चुकला तर त्याहून अधिक. अशी राखून ठेवलेली ठिकाणे एका वेळी एक किंवा दोनच असावीत, कारण दहा खुणा केल्या की त्यांची कामांची यादी होते आणि यादीची कोणी वाट पाहत नाही.

कथेच्या पातळीवर हेच तंत्र ‘विचर ३’ने फार जाणतेपणाने वापरले आहे. नायक गेराल्ट आपल्या मानसकन्येला, सिरीला, शोधतो आहे आणि ती त्याला भेटायला अनेक तास जातात. पण मधल्या काळात ज्यांनी तिला पाहिले ते लोक भेटतात आणि त्यांच्या आठवणींचे छोटे भाग तुम्ही स्वतः सिरी होऊन खेळता. प्रत्येक आठवण थोडे सांगते आणि थोडे राखून ठेवते. या भागांत घाई करू नये आणि संवाद बटण दाबून पुढे ढकलू नयेत. प्रत्यक्ष भेटीचा परिणाम त्यांच्यावरच उभा आहे.

मुख्य कथा आणि बाजूची कामे यांची गुंफण

नवख्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हा, की कथा ‘ताबडतोब या’ म्हणत असताना बाजूची कामे करावीत का. याचे उत्तर गेमपरत्वे बदलते. ‘सायबरपंक २०७७’मध्ये नायकाच्या डोक्यातली चिप त्याला मारत चालली आहे असे सतत सांगितले जाते, पण घड्याळ कुठेही चालू नसते, तुम्ही कितीही दिवस शहरात भटकलात तरी ती घटका पुढे सरकत नाही. याउलट १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधायला १५० दिवसांची खरी मुदत होती, आणि ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्येही काही क्वेस्ट, म्हणजे गेमने सोपवलेली कामे, तुमच्यासाठी थांबत नाहीत. क्वेस्टच्या नोंदीत दिवस किंवा वेळ स्पष्ट लिहिलेली असेल, किंवा एखादे पात्र ‘उद्या पहाटे’ असे नेमके सांगत असेल, तर ते खरे मानून आधी करावे. नुसता स्वर घाईचा असेल तर ती कथेची घाई समजावी.

तरीसुद्धा कथेच्या घाईचा मान राखलेला बरा. एखाद्या पात्राला आगीतून सोडवायला निघालेला नायक मध्येच पत्ते खेळत बसला, तर गेम काही म्हणत नाही. तुमच्याच मनातला ताण मात्र सैल पडतो. म्हणून बाजूच्या कामांसाठी कथा स्वतःहून थांबते त्या जागा शोधाव्यात. ‘काही दिवसांनी ये’, ‘मी चौकशी करून कळवतो’, ‘तयारी करून परत ये’ अशी वाक्ये ऐकू आली, की ती सुट्टी समजावी. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये ही सुट्टी उघडपणे दिली जाते: कायस कोसाडीस हा तुमचा वरिष्ठ पहिल्याच भेटीत हातावर पैसे ठेवतो आणि आधी एखाद्या गिल्डमध्ये, म्हणजे व्यावसायिकांच्या संघात, जाऊन थोडा अनुभव घे असे सांगतो. नंतरच्या गेममध्ये हा सल्ला फारसा कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत देत नाही, पण जागा तशाच सोडलेल्या असतात.

उलट दिशेची चूकही होते. मुख्य कथा फार काळ बाजूला ठेवली तर जगाचे काही भाग उघडतच नाहीत. ‘स्कायरिम’मध्ये व्हाइटरनजवळच्या बुरुजावरची पहिली ड्रॅगनची लढाई होईपर्यंत रानावनात ड्रॅगन उडताना दिसत नाहीत आणि शाउट या शक्तीचा वापरही सुरू होत नाही. हे ठाऊक नसलेला खेळाडू दिवसेंदिवस गुहा साफ करत राहतो आणि ज्या ड्रॅगनसाठी गेम घेतला ते कुठे आहेत असे विचारतो. त्यामुळे कथेतले पहिले मोठे वळण लवकर गाठावे आणि मगच मोकळे फिरावे. ‘सायबरपंक’मध्ये तर गेमचे नावच मोठ्या अक्षरांत पहिला अंक संपल्यावर येते आणि तोवर तुम्हाला शहराच्या एकाच भागात, वॉटसनमध्ये, रोखून धरलेले असते, ती खूण पाहण्याआधी कंटाळून सोडू नये.

लेव्हलचाही विचार हवा. ‘विचर ३’मध्ये तुमची लेव्हल क्वेस्टच्या सुचवलेल्या लेव्हलपेक्षा ६ किंवा अधिक वर गेली, की ती क्वेस्ट करड्या रंगात दिसते आणि तिचे अनुभवगुण जवळजवळ मिळेनासे होतात. सगळी बाजूची कामे आधी संपवणाऱ्याला म्हणूनच मुख्य कथेतल्या लढाया फुसक्या वाटतात. रंग पांढऱ्या-हिरव्याच्या आसपास राहील अशा बेताने आलटून पालटून खेळावे, किंवा शत्रूंची लेव्हल वाढवण्याचा पर्याय सेटिंगमधून चालू करावा.

क्रमाबद्दल एक साधा नियम पुरतो: जड प्रसंगानंतर हलके काम. ‘विचर ३’च्या वेलेन प्रदेशातल्या बॅरनची कथा संपल्यावर लगेच पुढची मोठी क्वेस्ट उघडू नये. ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे दोन डाव खेळावेत, एखाद्या राक्षसाचे कंत्राट घ्यावे, घोड्यावरून नुसते फिरावे. घडलेल्याला मनात बसायला जागा लागते.

नकाशा, खुणा आणि फास्ट ट्रॅव्हल

नकाशावरची प्रश्नचिन्हे उत्सुकता जागी करत नाहीत, तिची जागा घेतात. ‘विचर ३’मधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात विखुरलेली तस्करांच्या मालाची चिन्हे याचा सर्वांत वाईट नमुना आहेत, एकामागून एक पेटीकडे होडी नेताना कथेचा धागा कधी सुटला ते कळतही नाही. नकाशाच्या फिल्टरमधून ही चिन्हे लपवता येतात आणि नवख्याने ती लपवावीतच. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ सुरुवातीलाच दोन पद्धतींपैकी एक निवडायला सांगतो; त्यातली शोधाची पद्धत ठिकाण थेट न दाखवता ‘अमुक प्रांतात, नदीच्या उत्तरेला’ अशी वर्णने देते, आणि थोडा धीर असेल तर तीच घ्यावी.

मात्र सरसकट सगळे मार्कर, म्हणजे ठिकाण दाखवणाऱ्या खुणा, बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. ‘मोरोविंड’मधली पात्रे वाटेचे वर्णन तोंडी करतात, त्यामुळे तिथे मार्करविना निभावते, ‘स्कायरिम’मधल्या पुष्कळ क्वेस्टमध्ये जागेचे पुरेसे वर्णनच नसते आणि मार्कर गेला की शोधायचे कुठे हेच समजत नाही. चालू क्वेस्टची खूण ठेवावी आणि बाकीच्या घालवाव्यात.

फास्ट ट्रॅव्हलसाठी, म्हणजे नकाशावरून क्षणात दुसरीकडे पोहोचण्यासाठी, एक अट घालून घ्यावी: कोणत्याही ठिकाणी पहिल्यांदा जाताना चालत किंवा घोड्यावरून जायचे, परतताना हवे तर उडी मारायची. माल विकायला तोच रस्ता चौथ्यांदा तुडवण्यात काही शहाणपण नाही.

एका बैठकीत किती आणि कुठे थांबावे

बैठकीची लांबी तुमच्या सवडीवर आहे. महत्त्वाचे आहे ते थांबण्याचे ठिकाण. क्वेस्ट पूर्ण करून, बक्षीस घेऊन, सामान विकून थांबलात तर दुसऱ्या दिवशी गेम उघडायला कारणच राहत नाही. त्याऐवजी पुढच्या कामाची ओळख झाली आहे, वाट समजली आहे आणि दार समोर आहे, अशा जागी सेव्ह करून उठावे. लढाईच्या किंवा गुंतागुंतीच्या गुहेच्या मधोमध मात्र थांबू नये, कारण परतल्यावर दिशाच आठवत नाही.

बरेच दिवस खंड पडला तर सरळ मुख्य क्वेस्टमध्ये घुसू नये. आधी जर्नल, म्हणजे गेममधली कामांची नोंदवही, वाचावे. ‘विचर ३’मध्ये सेव्ह लोड होताना गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन याच्या आवाजात आतापर्यंतच्या कथेचा सारांशही ऐकू येतो, तो मध्येच तोडू नये. मग एखादी किरकोळ लढाई करून हात बसवावा आणि त्यानंतरच कथेकडे वळावे.

मध्यावरचा थकवा

तो जवळपास सगळ्यांना येतो. ‘विचर ३’मध्ये नोव्हिग्राड शहरात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहण्याचा लांब भाग अनेकांना जड जातो, ‘एल्डन रिंग’मध्ये पाचव्या-सहाव्या भूमिगत दफनघरात तोच जुना बॉस पुन्हा उभा दिसतो. अशा वेळी लेव्हल वाढवण्यासाठी तीच ती कामे करणे, ज्याला ग्राइंडिंग म्हणतात, हा सर्वांत वाईट उपाय आहे. प्रदेश बदलावा. नोव्हिग्राड आणि स्केलिगे यांचा क्रम ‘विचर ३’ तुमच्यावर सोपवतो, तेव्हा लेव्हल पुरत असेल तर शहर अर्धे सोडून समुद्र ओलांडायला हरकत नाही. प्रदेश बदलणे शक्य नसेल तर लढण्याची पद्धत बदलावी: ‘एल्डन रिंग’मध्ये विशिष्ट बॉस हरवल्यानंतर एक खास वस्तू खर्चून पात्राचे गुण नव्याने वाटता येतात, आणि तलवारीवरून जादूकडे वळताच परिचित शत्रूही नवे वाटू लागतात.

सगळे काही पूर्ण करण्याचा हट्टही इथेच सोडावा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये गोळा करण्यासाठी लपवलेल्या ९०० कोरोक बिया आहेत, त्यांतल्या ४४१ बियांत सामानाच्या सगळ्या जागा वाढवून होतात, आणि ९०० पुऱ्या करणाऱ्याला मिळणारी भेट उघडउघड चेष्टेची आहे. बिया जागोजागी यासाठी पेरल्या आहेत की कोणत्याही वाटेने गेलात तरी काही सापडत राहावे.

परतीचे दार बंद होण्याआधी

शेवटाकडे एक टप्पा असा येतो की त्यापुढे गेल्यावर उरलेली कामे रद्द होतात. ‘विचर ३’मध्ये आइल ऑफ मिस्ट्सकडे निघण्याआधी तशी सूचना मिळते, ‘सायबरपंक’मध्ये एम्बर्स या ठिकाणच्या भेटीआधी मिळते आणि शेवट पाहून झाल्यावर तो गेम तुम्हाला त्या भेटीच्या आधीच्या क्षणी परत आणून सोडतो. सूचना दिसताच वेगळ्या नावाने एक सेव्ह करावे. त्यानंतर जर्नल उघडून फक्त सोबत्यांची आणि ज्यांच्यात जीव गुंतला आहे अशा पात्रांची कामे पूर्ण करावीत, कारण शेवटाच्या रंगावर बहुधा त्यांचाच परिणाम होतो. बाकीची यादी राहू द्यावी. दारापाशी उभे राहून वीस तास किरकोळ कामे करणारा खेळाडू कथेचा ताण स्वतःच मारून टाकतो आणि मग शेवट फिका होता अशी तक्रार करतो.

दार ओलांडल्यावर मात्र थांबू नये. शेवटचा टप्पा सलग खेळण्यासाठीच बांधलेला असतो, म्हणून सलग काही तास मोकळे असतील असा दिवस त्यासाठी निवडावा आणि त्या टप्प्यात नकाशाकडे वळू नये.

विस्तार, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेल्या कथा, कधी खेळावेत, हा प्रश्न राहतो. ‘विचर ३’चा ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ हा विस्तार तिशीच्या पुढच्या लेव्हलसाठी आहे आणि कथेच्या दृष्टीने तो अधेमधेही बसतो. ‘ब्लड अँड वाइन’ मात्र मुख्य कथा संपल्यावरच सुरू करावा, आणि तोही लगेच नको. दुसरा एखादा छोटा गेम खेळून झाला आणि गेराल्टची पुन्हा आठवण येऊ लागली, की त्या विस्तारातल्या तुसाँ प्रदेशाकडे निघावे.